मेणा, रिक्षा आणि छप्पर

गोंदियाच्या स्टेशनाबाहेर सायकलरिक्षांची लांबच लांब रांग लागत असे, त्या काळातली एक गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. गाव रुळांनी दुभागलेले. एका बाजूची वस्ती सोडून दुसऱ्या बाजूस जावयाचे म्हणजे पूल चढणे आले. पुलाचा चढ लागला, की रिक्षावाला आसनावरून उतरे, एक हात हॅण्डलवर आणि दुसरा आसनाखालच्या नळीवर ठेवून रिक्षा ओढू लागे. त्याच क्षणी माझे वडीलही काही न बोलता उतरत आणि मागून चालू लागत. मी लहान म्हणून मला बसून राहण्याची मुभा असे. श्रावणातली झड असली, म्हणजे पूल उतरेपर्यंत ते दोघेही चिंब भिजत आणि मी मात्र छपराखाली कोरडा.

त्या वेळी मला त्यात वावगे असे काही वाटले नाही. रिक्षाला छप्पर असते ते बसणाऱ्यासाठी, आणि जो ओढतो तो उन्हापावसात असतो, हे सूर्य पूर्वेला उगवतो इतके उघड होते. पुढे माणसाच्या बळावर चालणाऱ्या वाहनांच्या इतिहासाची मला गोडी लागली. तेव्हा कळून आले, की छप्पर कोणावर घालावयाचे हा प्रश्न कारागिरांनी निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या तऱ्हेने सोडविला आहे. आणि प्रत्येक वेळी त्या छपराची किंमत कोणाला तरी द्यावी लागली आहे. ती कोणी दिली, एवढाच या लेखाचा विषय.

युरोपात आज एक चमत्कारिक वाहन रस्त्यावर दिसते. आकार मोठ्या माशासारखा, उंची माणसाच्या कमरेइतकी, चाके बहुधा तीन. आत एकच माणूस आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसलेला असतो आणि पाय पुढे पसरून पेडल मारीत असतो. चहूकडून कवच, बाहेर दिसते ते फार तर डोके. याला तिकडे व्हेलोमोबिल म्हणतात. सायकलचाच हा प्रकार. पण थंडी, पाऊस आणि समोरचा वारा या तिघांपासून चालविणाऱ्याचे रक्षण करणारा. नवलाईने त्याची चित्रे पाहताना मला वाटले, की माणसाच्या बळावर चालणारे, सर्व बाजूंनी बंद आणि आत रेलून बसावयाचे वाहन आपल्याला नवे थोडेच आहे? आपण त्याला मेणा म्हणत होतो.

पालखी आणि मेणा यांतला भेद आता पुष्कळांच्या ध्यानी राहिलेला नाही. पालखी उघडी, वर बाक दिलेला दांडा, त्यावर फार तर छत. मेणा म्हणजे बंद पेटी. दोन्ही अंगांना सरकती दारे अगर पडदे, आत गादी आणि लोड. मराठी राज्यात पालखी हे वाहन होते त्याहून अधिक मान होता. सरकारातून पालखी मिळाली म्हणजे तिच्या भोयांच्या खर्चाची नेमणूकही मिळे. मेणा स्त्रियांचा, आजाऱ्यांचा आणि दूरच्या प्रवाशांचा. पुढे इंग्रजी अमलात डाकेच्या मेण्याने लांबचा प्रवास करण्याची पद्धत पडली. आठ भोई, चार खांद्याखाली आणि चार पालट करण्यासाठी बरोबर चालत. रात्री पुढे मशालजी. पाच-सहा कोसांवर नवी टोळी तयार. वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका.

भोयांच्या चालीत एक मोठे कसब होते. शिपायांसारखी पावले मिळवून ते चालत नसत; उलट ती मुद्दाम चुकवीत. सगळ्यांचा डावा पाय एकदम पडला, तर दांडा हेलकावू लागतो आणि आतला माणूस घुसळून निघतो. म्हणून आखूड, घसटती, एकमेकांशी न जुळणारी पावले टाकावयाची आणि तोंडाने हुंकाराचा ठेका धरावयाचा. आज मोटारीच्या स्प्रिंगा जे काम करतात, ते भोयांचे गुडघे करीत असत.

आमच्या झाडीपट्टीत हे काम ढीवर-भोयांचे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ढीवरांचे वर्णन मासे धरणारे, पाणी भरणारे आणि पालखी वाहणारे असेच येते. हा मुलूख तलावांचा. कोहळ्यांनी तलाव बांधले, ढीवरांनी त्यांत जाळी टाकली. आणि तळ्यात पाणी नसे तेव्हा त्यांच्या खांद्यावर दांडा आला. नागपुराहून रायपूरकडे जाणारा मोठा पूर्वरस्ता भंडारा, साकोली, देवरी असा याच मुलखातून जातो. या वाटेच्या उन्हातान्हात ज्यांनी ओझी वाहिली, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

मेणा बांधणाऱ्या सुतारापुढे जो पेच होता, तो आजच्या व्हेलोमोबिलवाल्यापुढेही तसाच आहे. भिंती घालाव्या तर आतल्याला आडोसा मिळतो, पण वजन वाढते. भिंती काढाव्या तर ऊन, धूळ आणि नजरा आत येतात. भिंती पातळ कराव्या तर त्या टिकत नाहीत. जाड कराव्या तर आत भट्टी पेटते आणि वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडावे लागते. म्हणजे पुन्हा वजन आलेच. मेण्यात या पेचाचा निकाल नेहमी एकाच बाजूने लागे, कारण भिंतीचा लाभ आतल्याचा आणि तिचे ओझे बाहेरच्याचे. लाभ एकाकडे आणि ओझे दुसऱ्याकडे गेले, की वाहन हलके करण्याची निकड कोणालाच उरत नाही.

रिक्षा आली ती जपानातून. १८७० च्या सुमारास तोक्योत दोन चाकांची, माणसाने ओढावयाची गाडी निघाली. तिचे नाव जिनरिकिशा. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे शक्ती आणि शा म्हणजे वाहन. प्रवास करता करता या नावाचे पहिले अक्षर गळाले आणि आपल्या हाती रिक्षा उरली. शक्ती राहिली, वाहन राहिले, माणूस तेवढा शब्दातून नाहीसा झाला. भाषा कधी कधी नकळत किती खरे बोलून जाते!

चाक आल्याने भोयाच्या खांद्यावरचे ओझे जमिनीवर उतरले, ही सुधारणा लहान नव्हे. जिथे चार माणसे लागत, तिथे एक पुरू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही हातरिक्षा सिमल्यास होती, मग कलकत्त्यास आली. आणि १९३० च्या सुमारास पूर्वेकडच्या शहरांत तिला सायकलचा पुढचा भाग जोडून सायकलरिक्षा तयार झाली. महाराष्ट्रात तिचा प्रसार मोठा विषम झाला. मुंबईने तिला कधी थारा दिला नाही. पुण्याकडे टांग्याचे राज्य होते. विदर्भात मात्र ती रुजली, आणि याचे कारण नकाशात आहे. आमचा मुलूख मध्यप्रांतातला. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर, आणि आमची आगगाडी कलकत्त्याची. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० नंतर इकडून गेली. १८८७ साली निघालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने ती घेऊन रुंद केली आणि पुढे हावड्याला नेऊन भिडविली. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे आणि चांद्याकडे जाणारे अरुंद मार्ग येथे मिळाले व गोंदिया हे चौफुलीचे गाव झाले. तांदळाच्या गिरण्या, विड्यांचे कारखाने आणि चारी दिशांचे उतारू. रिक्षाला आणखी काय हवे? शिवाय जमीन धानाच्या बांध्यांची, सपाट. चढ म्हणून जो काय होता, तो रेल्वेच्या पुलाचा.

* * *

आता थोडे फ्रान्सकडे वळू. कारण छपराखाली खुद्द चालविणाऱ्याला बसविण्याची कल्पना तिकडे मूळ धरून राहिली.

शार्ल मोशे हा पॅरिसजवळचा एक कारागीर. त्याच्या लहानग्या मुलाला सायकल हवी होती आणि आईला ती धोक्याची वाटे. म्हणून बापाने त्याला पेडलवर चालणारी चार चाकांची छोटी मोटार करून दिली, असे सांगतात. पोराची गाडी इतर पोरांच्या सायकलींना मागे टाकू लागली. तेव्हा मोशेने मोठ्यांसाठी दोन आसनांची तशीच गाडी काढली आणि तिला व्हेलोकार हे नाव दिले. मोटार परवडत नाही पण मोटारीची हौस आहे, अशा कुटुंबांनी ती घेतली. पुढे महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा तर तिला चांगलेच दिवस आले. नवरा-बायको शेजारी शेजारी रेलून बसावयाची आणि दोघेही पेडल मारावयाची. येथे भोई आणि स्वार एकच झाले.

ही गाडी सरळ रस्त्यावर झकास चाले, पण वेगाने वळण घेताना आतल्या अंगाची चाके उचलली जात. मग मोशेने तिचेच जणू दोन तुकडे केले आणि रेलून चालवावयाची दोन चाकांची सायकल तयार केली. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर नावाच्या स्वाराने तिच्यावर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. ऑस्कर एगचा १९१४ पासून अढळ राहिलेला ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम मोडला. फोर हा काही त्या काळचा अव्वल स्वार नव्हता; म्हणून तर गलका अधिक झाला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने ठरविले, की ही सायकलच नव्हे! शर्यतीच्या सायकलीची मापे त्यांनी अशी बांधून दिली, की रेलून बसणारा आपोआप बाद व्हावा. मोशे त्याच वर्षी वारला. १९३९ मध्ये फोरने त्याच जातीच्या सायकलीवर कवच चढवून तासात पन्नास किलोमीटरची मर्यादा ओलांडली. पण त्याची नोंद मूळ वहीत झाली नाही.

त्या निर्णयाने या वाहनाची वाढ पुढे चाळीस वर्षे खुंटली. १९७६ साली अमेरिकेत चेस्टर काइल आदी मंडळींनी मनुष्यबळावर चालणाऱ्या वाहनांची संघटना काढली आणि हवा तो आकार करावा, हवे तसे बसावे, अशा शर्यती भरविल्या, तेव्हा या विद्येला पुन्हा पालवी फुटली. पेट्रोलच्या टंचाईने डेन्मार्कमध्ये रासमुसेन या अभियंत्याने रोज कामावर जाण्याजोगी बंद तीनचाकी बनविली. पुढे नेदरलंड्समध्ये, समुद्र हटवून केलेल्या फ्लेव्होलँडच्या सपाट जमिनीवर, या गाड्यांचे कारखाने निघाले. २०१६ साली टॉड राइकर्ट या कॅनेडियन स्वाराने नेवाडाच्या वाळवंटात, पूर्ण बंद गाडीतून आणि निव्वळ पायांच्या बळावर, ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला. आपल्याकडच्या बऱ्याच मोटारींना तो मानवणार नाही.

ही करामत कशाची? वाऱ्याची. सायकलस्वाराला अडविणारी मुख्य वस्तू म्हणजे समोरची हवा. तिचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि तिला हटविण्यासाठी लागणारी शक्ती घनाप्रमाणे. वेग दुप्पट करावा तर हवेसाठी आठपट शक्ती. साधा माणूस तासन्‌तास जी शक्ती देऊ शकतो ती शंभर वॉटच्या आतबाहेर. तेवढ्या शक्तीत साधी सायकल ताशी वीस किलोमीटर जाते; रेलून बसावयाची, गुळगुळीत कवचाची गाडी पस्तीसच्या आसपास जाते. फरक माणसात नाही, आकारात आहे.

असे असता आपण सगळेच अशा गाड्यांतून का फिरत नाही? कारण प्रत्येक गुणाची येथे वेगळी किंमत मोजावी लागते. साधी सायकल बारा-पंधरा किलोंची, तर कवचाची गाडी तिच्या दुप्पट-तिप्पट. सपाटीवर हे वजन जाणवत नाही. पण थांबून पुन्हा निघताना आणि चढ चढताना एकेक किलो आपला हिशेब मागतो. रेलून बसलेल्याला पेडलवर उभे राहून अंगाचा भार टाकता येत नाही. चढावर जे करावयाचे ते गिअरच्या आधारे, सावकाश. गाडी जितकी ठेंगणी तितकी वळणावर निश्चिंत, कारण उलटणे न उलटणे हे चाकांमधले अंतर आणि भाराची उंची यांवर ठरते; पण तितकीच ती ट्रकवाल्याच्या नजरेआड. दोन चाके ठेवावी तर थांबल्यावर पाय टेकणे कवचात अवघड, आणि आडवा वारा कवचाला ढकलतो. तीन ठेवावी तर वजन वाढते, रुंदी वाढते आणि रस्त्यातला खड्डा एका नव्हे तर तीन वाटांवर चुकवावा लागतो. आणि गोंदियाकडच्या माणसाचा शेवटचा प्रश्न तर ठरलेलाच, की तांदळाचे पोते कुठे ठेवावयाचे? आमच्याकडे सायकल हे बसण्याचे वाहन आहेच, पण त्याआधी ते पोत्याचे, दुधाच्या कॅनचे आणि मागे बसलेल्या बायकोचे वाहन आहे.

आमच्या लोकांना हा तौलनिक विचार कोणी शिकविण्याचे कारण नाही. झाडीपट्टीत शंकरपट भरतो. पटाला जो छकडा जुंपतात, तो हलका, उघडा, माणसाला कसेबसे पाय टेकवता येतील एवढाच. लेकीसुना ज्या दमणीतून माहेरी येत, तिला छत असे, गादी असे. दमणी घेऊन पटाला कोणी गेला नाही आणि पटाचा छकडा घेऊन कोणी सुनेला आणावयास गेला नाही. वाहन कशासाठी, हे आधी ठरते. मग त्याचा आकार.

* * *

या दृष्टीने आपल्या सायकलरिक्षाकडे पाहिले, म्हणजे मन खिन्न होते. तिचा हिशेब मांडून पाहा. रिक्षा ऐंशी किलोंची, ओढणारा पन्नास-पंचावन्नचा, दोन उतारू एकशेवीसचे. म्हणजे अडीचशे किलोंहून अधिक भार. ताशी दहा किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर हा भार नेताना चाकांच्या घर्षणासाठी साधारण ऐंशी वॉट जातात, हवेसाठी पंधराएक. म्हणजे या वेगाला कवचाचा उपयोग जवळजवळ शून्य. व्हेलोमोबिलची सारी विद्या येथे व्यर्थ आहे. येथे शत्रू हवा नसून वजन आहे. रस्ता शंभरात एक एवढाच चढला, डोळ्यांना तो चढ दिसणारही नाही, तरी आणखी सत्तर वॉट लागतात. पुलाच्या चढावर ही मागणी तीनशेच्या वर जाते आणि माणसाचे पाय जागीच थांबतात. रिक्षावाला उतरून का ओढी, आणि वडील का उतरत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. ऐंशी किलोंचा एक उतारू उतरला, की त्या चढावरचा जवळजवळ तिसरा हिस्सा बोजा कमी होतो.

मात्र समोरून वारा सुटला, की हिशेब पालटतो. ताशी पंधरा किलोमीटरचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे. पण उभारलेले छप्पर त्यात शिडासारखे फुगते, आणि हवेसाठी लागणारे पंधरा वॉट शंभराच्या घरात जातात. छपराने सावली दिली उतारूला आणि त्याचा वारा ओढला रिक्षावाल्याने. मेण्याच्या भिंतीचा न्याय येथेही तसाच कायम राहिला.

आणि या यंत्रात कित्येक दशके सुधारणा म्हणून झाली नाही. एकच गिअर, बहुधा पुढच्या एकाच चाकाला ब्रेक, उतारूचे आसन इतके उंच की वळणावर कलंडण्याची भीती. सायकलला तीन गिअर बसविण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभीच इंग्लंडात निघाली होती. ती रिक्षापर्यंत का पोहोचली नाही? कारागीर निर्बुद्ध होते म्हणून नव्हे. रिक्षा बहुधा ओढणाऱ्याच्या मालकीची नसे. मालकाकडे दहा-वीस रिक्षा, आणि तो त्या रोजच्या भाड्याने द्यावयाचा. गिअरचा खर्च मालकाने करावा आणि आराम ओढणाऱ्याच्या पायांना व्हावा, हे व्यवहारात कसे जमणार? भाडे तर तेवढेच येणार. मालकाला हवी ती स्वस्त, जाड नळीची, आदळआपट सोसणारी गाडी. आणि तिचे वजन रोज दुसऱ्याच्या गुडघ्यांतून वसूल व्हावयाचे. पंजाबने १९७५ साली कायदा केला, की परवाना त्यालाच मिळेल जो आपली रिक्षा आपण ओढील. पण गरिबाजवळ रिक्षा घ्यावयास पैसा कोठला? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ओढणाऱ्यास कर्ज मिळून तोच मालक होईल अशी वाट दाखविली. रिक्षाच्या आकाराचा प्रश्न हा मुळात मालकीचा प्रश्न आहे, ही गोष्ट अभियंत्यांच्या आधी न्यायालयाच्या ध्यानात आली असे म्हणावयास हरकत नाही.

अभियंतेही पुढे जागे झाले, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा अभिमानास्पद आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सायकलरिक्षा मुळापासून नव्याने आखावयास घेतली. अमेरिकेत विद्या संपादून हा गृहस्थ १९८१ साली फलटणसारख्या गावी येऊन राहिला होता. त्यांनी रिक्षाचे वजन आणि लांबी कमी केली, गिअर बसविले, ब्रेक आणि स्प्रिंगा सुधारल्या, हवेचा अडथळा घटविला. नुसत्या पेडलची एक, पेडलला छोट्या मोटरची जोड असलेली दुसरी आणि पूर्ण विजेवरची तिसरी, असे तीन नमुने त्यांनी केले. त्याच सुमारास आग्र्याकडे हलक्या रिक्षांची मोहीम निघाली. आणि २००८ साली दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेने सूर्यशक्तीची जोड दिलेली रिक्षा दिल्लीच्या चांदणी चौकात आणली.

या सुधारकांपुढेही मोह होताच, की इतके करतो आहोत तर गाडी पूर्णच बंद का करू नये? गोंदियासाठी याचे उत्तर उन्हाळा देतो. माणसाचे शरीर हे यंत्र म्हणून फार उधळे. पायांतून शंभर वॉट काम निघते तेव्हा शरीरात आणखी तीन-चारशे वॉट उष्णता तयार होते, आणि ती बाहेर टाकावीच लागते. युरोपच्या हिवाळ्यात ही उष्णता कवचाच्या आत वरदान ठरते; स्वार सदऱ्यावर बसून बर्फातून जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात. बाहेरची हवाच अंगाहून तापलेली, तेव्हा शरीर थंड करण्याचा उपाय एकच, घाम वाळणे. तासाला अर्धा लिटर घाम वाळला पाहिजे, आणि तो वाळावयास अंगावरून वारा वाहिला पाहिजे. कवचाने वारा अडविला, की घाम निथळतो, वाळत नाही. मेण्यात बसणारा स्वस्थ पडून राही, म्हणून बंद पेटीत तग धरी. कष्ट करणाऱ्याला बंद पेटी म्हणजे भट्टी.

म्हणून परक्या देशातले कवच जसेच्या तसे उचलून आणण्यात शहाणपण नाही. आमच्या मुलखाला हवे ते वर छप्पर आणि बाजूंना मोकळीक. अर्धवट रेललेले, पाठीला टेका देणारे, पण ट्रकवाल्याच्या नजरेस पडेल इतके उंच आसन; भार खाली, चाके तीन, गिअर पुष्कळ, आणि गावच्या पंक्चरवाल्याजवळ मिळेल तोच टायर. आणि छप्पर एवढे लांब, की ते दोघांवरही यावे. यात विज्ञानाचा चमत्कार काही नाही. एक बांबू आणि दीड वार कापड अधिक लागेल इतकेच. एवढी साधी गोष्ट घडावयास शंभर वर्षे का लागावी, हा प्रश्न मात्र विज्ञानाचा नव्हे.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षांबद्दल निकाल दिला. माथेरानास मोटारींना मज्जाव, त्यामुळे माणसाने माणसाला ओढून नेण्याची चाल तेथे या शतकातही टिकून राहिली होती. ती सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांच्या पोटाची सोय करावी, असे न्यायालयाने सांगितले. खंडपीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई हे आमच्याच विदर्भातले, अमरावतीचे. नुसती बंदी घातली असती, तर भोयाचा खांदा मोकळा झाला असता आणि चूलही थंड झाली असती. दुसऱ्या अर्ध्याचा विचार झाला, हे महत्त्वाचे.

ई-रिक्षांना २०१५ च्या कायद्याने रीतसर मान्यता मिळाली आणि पेडलरिक्षांचा काळ सरत चालला. तिच्यात दोष नाहीत असे नाही. बॅटरी महाग, ती शिशाची असली तर त्याचा उपद्रव वेगळा. पण त्या गाडीकडे मी पहिल्याने निरखून पाहिले, तेव्हा माझे लक्ष मोटरकडे गेले नाही, छपराकडे गेले. ते पुढच्या काचेपासून मागच्या दिव्यापर्यंत एकच, सलग आहे. चालविणारा त्याच्या खाली बसतो आणि उतारूही.

मागे एकदा पावसात मी तशा रिक्षात बसलो. पूल आला तेव्हा चालकाने वेग किंचितही कमी केला नाही. मी मात्र सवयीने पुढे सरकलो आणि दांडीला हात घातला. "उतरता काय काका? अजून गाव यायचं आहे," त्याने विचारले. नाही म्हणालो आणि मागे टेकून बसलो. पाऊस जोरात होता. पण आम्ही दोघेही कोरडे होतो.